सिरोंच्याची स्टेपनी

दिवस पहिला : नागपूर ते आलापल्ली

पहाटे साडेपाचला सक्करदऱ्याहून मामांना उचललं. मामा गाडीत बसले नाहीत. आधी गाडीभोवती एक चक्कर मारली, चारही टायरांवर मुठीने एकेक ठोसा दिला, खाली वाकून सायलेन्सरकडे पाहिलं. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, त्यातली बरीचशी अहेरी आगारात. रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी गाडी 'चेक' केल्याशिवाय तिच्यात पाय ठेवत नाहीत.

"स्टेपनी पाह्यली काय बाबू?"

"नवीकोरी आहे मामा. एकदाही लावली नाही."

"हं," म्हणाले आणि बसले. त्या 'हं'चा अर्थ मला तिसऱ्या दिवशी कळला.

गाडीबद्दल आधी सांगून टाकतो, कारण पेट्रोल पंपावरही सांगावं लागतं. नाकावर शेवरोलेचं चिन्ह आहे, नाव फॉरेस्टर, साल 2005. पण बॉनेट उघडलं की आत सगळं जपानी सुबारू. त्या काळी जनरल मोटर्सची सुबारूच्या कंपनीत भागीदारी होती, म्हणून ही गाडी आपल्याकडे शेवरोलेच्या नावाने विकायला आली. 2005 मध्येच ती भागीदारी संपली, आणि 2017 च्या शेवटी शेवरोलेनेही भारतातली विक्री बंद केली. म्हणजे माझी गाडी दोन्ही घरची पोरकी. फिल्टर-पट्टा मागवायचा तर परदेशात कोणाचा भाचा राहतो ते आधी शोधावं लागतं. पंधरा वर्षांनंतर आरटीओत पुन्हा नोंदणी केली, हरित कर भरला. बायको तिला नावाने हाक मारत नाही. 'तुमचा हत्ती' म्हणते.

ही एसयूव्ही नाही. स्टेशन वॅगन म्हणजे कारच्याच पाठीवर लांब छत आणि मोठी डिक्की. आपल्या लोकांना हा आकार कधी रुचला नाही. टाटा इस्टेट आली, बलेनो अल्टुरा आली, इंडिगो मरीना आली, सगळ्या गेल्या. नागपुरात तर असल्या गाडीकडे पाहून लोक 'कोण गेलं?' असं विचारतात. माझीत फरक इतकाच की ती जमिनीपासून थोडी उंच आहे आणि चारही चाकांना कायम ताकद जाते. बटण नाही, दांडा नाही. जपानच्या बर्फाळ ईशान्येतल्या वीज कंपनीला तारा दुरुस्त करायला जाणारी, पण आत बसल्यावर जीपसारखी न हादरणारी गाडी हवी होती. तिथून हा प्रकार सुरू झाला आणि 1972 मध्ये चारही चाकांनी ओढणारी सुबारूची पहिली स्टेशन वॅगन बाजारात आली. थोडक्यात, वायरमनची गाडी. मी शिक्षणाने इलेक्ट्रिकल डिप्लोमावाला असल्यामुळे मला हे फार आवडतं.

मामांना हे उमरेडपर्यंत ऐकवलं. ते म्हणाले, "माह्या गाडीले मांगं चार चाकं होते. थेच ढकलायचे. फोर व्हील ड्राइव्हच झाली ना?"

भिवापूर, नागभीड. नागभीडला पोहे, वर तर्री. ब्रह्मपुरीपासून दोन्ही बाजूंना धान आणि भिंती-झाडांवर झाडीपट्टीच्या नाटकांचे पोस्टर. दिवाळी झाली की इकडे नाटकांचा हंगाम चालू होतो, तो होळीपर्यंत. प्रत्येक पोस्टरवर एक रडणारी बाई आणि एक बंदूक. मामा एकेक नाव मोठ्याने वाचत होते, मी हसत होतो आणि त्या नादात आरमोरीच्या अलीकडचा वैनगंगेचा पूल कधी गेला कळलं नाही.

गडचिरोली 170 किलोमीटर, साडेदहाला मागे टाकलं. चामोर्शीहून आत मार्कंड्याला गेलो. वैनगंगा इथे वळून उत्तरेकडे वाहते म्हणून हे तीर्थ. देवळांच्या भिंतींवर इतकं कोरीव काम आहे की मान दुखते. घाटावर गाडी उभी केली तर एका म्हाताऱ्याने मागचं दार उघडायला लावलं, आत डोकावला आणि म्हणाला, "यात खाट मावते." मावते. मी घरी फुटपट्टीने मोजून पाहिलंय.

आष्टीनंतर रस्ता बिघडला. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक याच बाजूने येतात. धुळीत पुढचा ट्रक दिसत नाही, फक्त त्याचा हॉर्न दिसतो, असं मामांचं वाक्य. या पट्ट्यात आमच्या लांब, बुटक्या गाडीने मामांचं पहिलं कौतुक मिळवलं: खड्ड्यातून जाताना ती डोलत नाही. याचं कारण इंजिन. चार सिलिंडर उभे नसून आडवे झोपलेले, दोन इकडे, दोन तिकडे, पिस्टन एकमेकांपासून दूर ठोसे मारल्यासारखे धावतात. म्हणून त्याला बॉक्सर म्हणतात. वजन खाली राहतं. मामांनी डोळे मिटले आणि आलापल्लीपर्यंत झोपले. ड्रायव्हर माणूस दुसऱ्याच्या गाडीत झोपला, याहून मोठं प्रशस्तिपत्र मला कुठलं मासिक देणार आहे?

दिवस दुसरा : भामरागड

आलापल्लीत टाकी काठोकाठ भरली. ही गाडी लिटरला नऊ देते. लपवण्यात अर्थ नाही.

भामरागडचा रस्ता सागवानातून जातो. इथले साग पाहिले की आपल्या घरातल्या 'सागवानी' दाराची लाज वाटते. पेरमिलीच्या पुढे पोलिसांनी थांबवून नावं लिहून घेतली. मामांनी आपली एसटीची जुनी ओळख सांगितली, शिपायाने 'जोहार काका' म्हटलं, आणि दहा मिनिटं तिथेच गप्पा. गाडीकडे कोणी पाहिलंही नाही. हे मला थोडं लागलं.

हेमलकसा. 1973 मध्ये बाबा आमट्यांनी माडिया गोंड आदिवासींसाठी इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे इथे येऊन राहिले. 2008 मध्ये दोघांना मॅगसेसे मिळालं. हे सगळ्यांना माहीत आहे. मामांनी सांगितलेलं मात्र कुठे वाचलं नव्हतं: पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की एसटी अलीकडेच थांबायची, आणि पेशंट खाटेवर घालून लोक चालत यायचे. "चार माणसं, चार कोपरे," मामा म्हणाले. "थे फोर व्हील ड्राइव्ह."

मी काही बोललो नाही.

दुपारी भामरागडला नदीवर. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा तिथे भेटतात. पलीकडे छत्तीसगड. पाणी उतरलं होतं, वाळू उघडी पडली होती. मला गाडी वाळूत घालायची होती. यासाठीच तर आलो होतो! मामांनी चप्पल काढली, वाळूत पन्नास पावलं चालले, टाच रोवून पाहिली आणि परत येऊन म्हणाले, "नाई." मी विचारलं, का. "खाली पानी हाय. वरून वाळलेली दिसते. तुह्या गाडीचे चारही चाकं सोबतच फसतील, एवढाच फायदा."

यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

रात्र मात्र माझी झाली. कार्तिक वद्यातली अंधारी रात्र, गावात वीज गेलेली. मुक्कामाच्या गच्चीवरून पूर्वेला कृत्तिकांचा झुबका इतका स्वच्छ होता की मी मामांना उठवलं. सुबारू हे जपानी भाषेतलं कृत्तिकांचंच नाव आहे आणि त्या कंपनीच्या चिन्हात सहा तारे आहेत. आपल्याकडेही सहाच. सहा कृत्तिकांनी दूध पाजलं म्हणून तो कार्तिकेय, आणि त्याच नक्षत्रावरून हा महिना कार्तिक. वीस वर्षं जी गाडी शेवरोलेचा फुलीसारखा बिल्ला लावून फिरते, तिचं खरं नाव असं वर टांगलेलं होतं. मामांनी सहा मोजले, सातवा दिसतो का म्हणून डोळे बारीक केले. म्हणाले, "थंडी वाजून राह्यली," आणि खाली गेले.

दिवस तिसरा : कमलापूर आणि पुढे

परत आलापल्ली, तिथून सिरोंच्याचा रस्ता. शंभरेक किलोमीटर. हा रस्ता ज्याने केलाय त्याला सांगायला नको, आणि न केलेल्याला सांगून पटणार नाही.

रेपनपल्लीहून आत कमलापूर. वनखात्याचा हत्ती कॅम्प. पूर्वी हे हत्ती जंगलातली लाकडं ओढायचे, आता ओढायला लाकडं नाहीत, पण हत्ती आहेत. रात्री त्यांना पायात साखळी अडकवून जंगलात चरायला सोडतात, सकाळी माहूत साखळीच्या माग काढत शोधून आणतात. आम्ही पोचलो तेव्हा एक हत्तीण तलावात आडवी पडली होती आणि माहूत तिची पाठ विटेच्या तुकड्याने घासत होता. घरी 'हत्ती' पोसणाऱ्याला हा माणूस पाहून धीर आला. मी विचारलं, सगळ्यात जास्त काळजी कशाची घ्यावी लागते?

"पायांची."

थंडीत, जानेवारीच्या सुमारास, हत्तींना सुट्टी असते. जडीबुटी उकळून त्या गरम लेपाने पाय शेकतात. त्याला 'चोपिंग' म्हणतात. तळव्याला भेग पडली, दगड घुसला, तर एवढं मोठं जनावर जागेवर बसतं. मामांनी माझ्याकडे पाहिलं. "ऐकलं?" मी म्हटलं, ऐकलं. ऐकलं नव्हतं.

अकरानंतर आभाळ भरून आलं. बंगालच्या उपसागरात काही झालं की गडचिरोलीत नोव्हेंबरमध्येही पाऊस येतो. जिमलगट्ट्याच्या अलीकडे तो आला, आडवा, दीड तास.

पुढे एका मोरीचं काम चालू होतं आणि रस्ता बाजूने शेताच्या काठावरून वळवलेला. वळणरस्ता कसला, ताज्या मातीचा भराव. आता त्याचा शिरा झाला होता. अलीकडे सिमेंटचा एक ट्रक, एक एसटी, सात-आठ मोटरसायकली. मधोमध एक उंच पांढरी एसयूव्ही, पुढची दोन चाकं जागेवर फिरताहेत आणि मागची दोन बघताहेत. उंची आणि छपरावरची जाळी म्हणजे चारही चाकं ओढतात असा आपल्याकडे समज आहे. त्या गाडीच्या मालकाचाही होता. पलीकडून एका ट्रॅक्टरवाल्याने दोर टाकून ती ओढून काढली. चिखलणीची लोखंडी केजव्हीलं लावलेला ट्रॅक्टर. त्याच्यापुढे जपानही नाही आणि जर्मनीही नाही.

मामा उतरले. पॅन्ट गुडघ्यापर्यंत, हातात बांबू. पूर्ण वळण चालून आले, जिथे बांबू कमी रुतला तिथे चिखलात टाचेने खुणा केल्या. खिडकीशी येऊन म्हणाले, "दुसरा टाक. माह्या खुणेवर चाल. मधात पाय हलवू नको, ना क्लचवर, ना रेसवर. स्टेअरिंगशी भांडू नको."

आता मामा गप्प आणि मी गाडीत एकटा. पहिल्या दहा फुटांत पुढची चाकं घसरली, नाक डावीकडे सरकलं. मग पोटाखाली काहीतरी आवळल्यासारखं झालं. काय होतं ते मला माहीत आहे, तरी अंगावर काटा आला. पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या मधल्या डिफरन्शियलला सिलिकॉन तेलात बुडवलेल्या चकत्यांची एक डबी जोडलेली असते. पुढची चाकं जोरात आणि मागची हळू फिरायला लागली की चकत्या एकमेकींना ओलांडतात, तेल तापून फुगतं, डबी घट्ट होते आणि पुढच्या-मागच्या धुऱ्या जवळजवळ बांधल्या जातात. ना कॉम्प्युटर, ना दिवा, ना आवाज. मागच्या चाकांनी ढकलायला घेतलं आणि गाडी म्हशीसारखी शांतपणे पलीकडे आली.

इथे थांबायला हवं होतं.

पण पांढऱ्या गाडीचा मालक मोबाइल घेऊन धावत आला. "सर, जबरदस्त! व्हिडिओ राहिला. परत एकदा?" माणसाला पन्नाशीत 'जबरदस्त' म्हणणारे कमी भेटतात. मी गाडी वळवली. जाताना मामांच्या खुणा ट्रॅक्टरने पुसल्या होत्या. व्हिडिओ चांगला यावा म्हणून जरा कडेने, जरा जोरात. मोरीसाठी आणलेला एक फोडलेला दगड चिखलाखाली होता. आधी 'फट्' असा आवाज, मग गाडी उजव्या अंगावर कललेली.

टायर तळातून पंक्चर झाला असता तर जिमलगट्ट्यात निघाला असता. हा बाजूने, चार बोटं चिरला होता. त्याला इलाज नाही.

मामा काही बोलले नाहीत. डिक्की उघडली, सामान ओल्या गवतावर काढलं, खालची स्टेपनी बाहेर काढली. तिच्या रबरावरचे बारीक केस अजून शाबूत. मग त्यांनी एक रुपयाचं नाणं तिच्या खाचेत घातलं, तेच नाणं माझ्या लागलेल्या टायरच्या खाचेत घातलं आणि दोन्ही वेळा अंगठ्याच्या नखाने खूण दाखवली.

ते 'हं' हेच होतं.

साधी कार असती तर नवी स्टेपनी म्हणजे चैन. माझ्या गाडीत ती संकट आहे. नव्या टायरला खाच 8 मिलिमीटर, माझ्या चार टायरांना उरलेली 4. त्रिज्येत 4 चा फरक म्हणजे परिघात 25. सुबारूवाले सांगतात की चारही टायरांच्या परिघात पाव इंचापेक्षा, म्हणजे सहाएक मिलिमीटरपेक्षा, जास्त फरक नको. मोठ्या टायरला तेवढंच अंतर जायला कमी फेरे लागतात. मधल्या डबीला वाटतं, कुठलंतरी चाक घसरतंय, आणि ती सपाट डांबरावरही तेल तापवत बसते. डबी जळली की पार्ट शोधायला भाचा परदेशातही पुरत नाही. म्हणून पाचही टायर आळीपाळीने फिरवायचे असतात. हे मला वीस वर्षं माहीत आहे. दुसऱ्यांना शिकवलंही आहे. मामा फक्त बसचे चालक, पण जोडचाकात एक नवा, एक झिजका टायर लावला की काय होतं ते त्यांना पाठ होतं.

चाक पुढच्याच धुरीला राहू दिलं. एकाच बाजूचा टायर मोठा असला की धुरीपुरता फरक निम्मा होतो. निम्मा म्हणजे साडेबारा. तरी दुपटीने जास्त. चाळिशीच्या वर जायचं नाही असं ठरलं. त्या रस्त्यावर तसंही कोणी चाळिशीच्या वर जात नाही.

निघताना पाहिलं तर मामा गाडीजवळ नव्हते. वळणरस्त्याच्या काठच्या बांधीत कापलेल्या धानाच्या कडपा पसरलेल्या, पाण्यात. नवरा-बायको आणि एक पोरगी ताडपत्री ओढून जेवढं पुंजणं, म्हणजे कडपांची रास, झालं होतं तेवढं झाकत होती. मामा तिसऱ्या कोपऱ्याला. मी चौथा धरला. ताडपत्री पुरी पडत नव्हती. अर्ध्या कडपा तशाच राहिल्या. बाई म्हणाली, "दोन दिवस थांबला असता तं घरी आला असता." पावसाबद्दल म्हणाली. मघाशी त्याच पावसात मी दोनदा हौसेने गाडी फिरवली होती आणि ती पोरगी काठावर उभी राहून पाहत होती.

सिरोंच्याला पोचायला रात्रीचे नऊ.

दिवस चौथा : सिरोंचा

गाडीला सुट्टी. चोपिंग म्हणा.

सिरोंच्यात मराठी पाटी वाचायची आणि तेलुगू ऐकायचं. सकाळी इडली-चटणी. मामांची तेलुगू मी पहिल्यांदा ऐकली. बस या फेरीवर असताना मुक्काम इथे पडायचा, त्यातून आलेली. चटणी मागायला आणि कंडक्टरला शिव्या घालायला पुरेशी आहे म्हणाले.

ऑटोने प्राणहितेच्या घाटावर गेलो. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एक झाल्या की तिचं नाव प्राणहिता, आणि सिरोंच्याच्या खाली ती गोदावरीला मिळते. पलीकडे तेलंगणात काळेश्वर. तिथे एकाच पीठावर दोन शिवलिंगं आहेत, एक शिवाचं, एक यमाचं. मामांनी दोघांनाही फुलं वाहिली. "दोघाइशीबी काम पडते."

येताना वडधमच्या जीवाश्म उद्यानात डोकावलो. याच तालुक्यात पोचमपल्लीजवळ 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांना एका प्रचंड डायनासोरची हाडं सापडली. मांडीचंच हाड 1.7 मीटर. शोधणारे बंगाली असल्यामुळे नाव पडलं बारापासॉरस, 'बरा पा' म्हणजे मोठा पाय. सांगाडा कोलकात्याला उभा आहे. पाय, तळवे, टायर. तीन दिवस सगळे मला एकच गोष्ट सांगत होते.

दुपारी गावातली सगळी टायरची दुकानं पालथी घातली. दोन होती. ट्रॅक्टरचे आणि मोटरसायकलचे मिळाले.

दिवस पाचवा : मंचेरियालमार्गे घर

आलापल्लीचा रस्ता पुन्हा नको म्हणून प्राणहिता ओलांडून चेन्नूर, मंचेरियाल. रस्ता गुळगुळीत आणि मी चाळीसवर. मागून येणारा प्रत्येक जण हॉर्न देऊन जात होता. दर वीस किलोमीटरला मी थांबून गाडीच्या पोटाखाली हात घालून ऊब पाहत होतो, तापल्या दुधाच्या भांड्याला पाहतात तसा.

मंचेरियालला जुन्या टायरांचं एक दुकान मामांनी शोधलं. छतापर्यंत थप्प्या. मी 'चांगला' टायर मागत होतो आणि दुकानदार दर वेळी जास्त नवा काढत होता. त्याला कळेना की हा माणूस नव्याला नाही का म्हणतोय. शेवटी मामांनी सूत्रं हाती घेतली. एक रुपयाचं नाणं, अंगठ्याचं नख, तोडकी तेलुगू. चौदाव्या टायरवर नख बरोबर त्याच जागी आलं. साइज तीच, कंपनी वेगळी, बाराशे रुपये. दुकानदाराने आतल्या कारागिराला काहीतरी सांगितलं, दोघं हसले. मामाही हसले. मला अर्थ सांगितला नाही.

तिथून आसिफाबाद, राजुरा, चंद्रपूर, आणि वरोऱ्याला चहा. वरोऱ्यापासून मामांनी हात पुढे केला, मी चावी दिली. त्यांनी सीट मागे सरकवली, आरसा खाली केला आणि बुटीबोरीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. एकदाच, एका ट्रकला ओलांडून झाल्यावर म्हणाले, "बसते बरी रस्त्याले."

एकूण 900 किलोमीटरच्या आसपास झाले. त्यात चारही चाकांची खरी गरज पडली ती जेमतेम चार मिनिटं, आणि त्यातली दोन व्हिडिओची. बाकी सगळा वेळ कामी आली ती लांब डिक्की, खाली ठेवलेलं वजन आणि मामांचा बांबू. बायकोने गाडी पाहिली, चिखल पाहिला आणि विचारलं, "हत्ती बसला होता का कुठे?" मी म्हटलं, पायाला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मामांचा फोन.

"फिरवले काय?"

"काय मामा?"

"टायर. पाचही."

गाडी जॅकवरच होती. मी फोन स्पीकरवर टाकला आणि पाना उचलला.